काचघरातला कुंचला

मी कुंचला बोलतोय. चित्रं काढण्यासाठी माझा जन्म झाला, पण रंग माझ्या वाट्याला फार थोडे आले. एका मुलीच्या रंगपेटीत दोन वर्षं होतो. ती मोठी झाली, पेटी कपाटावर गेली, आणि एके दिवशी तिच्या आईनं मला उचलून ॲप्रनच्या खिशात टाकलं.

तिची आई शहरातल्या मोठ्या वनस्पती उद्यानात माळीणकाम करायची. काचघर तिच्याकडे होतं. सगळे तिला मावशी म्हणत. काचघरात ना वारा शिरतो ना माशी, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेणार कोण? मी नेऊ लागलो. मावशीचा हात इतका हलका, की पाकळीला कळायचंही नाही. फळ धरलं की ती माझ्या दांड्यावर बोटानं टिचकी मारायची. तेवढ्यावर मी खूश असायचो.

काचघराच्या मधोमध दर्याई नारळाचं, दूरच्या बेटांवर वाढणारं दुर्मिळ झाड होतं, मादी झाड; नर झाडाचे पराग मिळाल्याशिवाय त्याला फळ धरत नाही. मावशी कामाला लागली तेव्हा ते तिच्या कमरेइतकं होतं. तेवीस वर्षं तिनं त्याला जपलं. पान कधी फुटलं, मुळाशी ओल किती, सगळं ती वह्यांत लिहून ठेवायची. उद्यान बघायला येणारी माणसं झाडापुढे पाच मिनिटं थांबत, पाटी अर्धी वाचत, फोटो काढत आणि विचारत, "मावशी, पाणी पिण्याची सोय कुठे आहे?" ती हसून सांगायची.

मग नवे अधीक्षक आले. त्यांनी वह्या वाचायला नेल्या. वर्षभरानं त्यांचं पुस्तक निघालं. मावशीनं ते उभ्याउभ्या चाळलं. तारखा तिच्या, मापं तिची, एका पानावर तर तिची चूकही जशीच्या तशी होती. तिचं नाव कुठेच नव्हतं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. मी खिशातच होतो.

"साहेब, हे माझ्या वह्यांतलं आहे."

साहेबांनी मानही वर केली नाही. "तू पाणी घालतेस, मावशी. पाणी घालणारे पुस्तकं लिहायला लागले तर पाणी कोण घालणार?"

खोलीतले दोन कारकून हसले. दुसऱ्या दिवशी काचघराची किल्ली तिच्याकडून काढून घेतली आणि तिला बाहेरच्या वाटा झाडायला लावलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती, सूड. मावशीच्या मनातलं मला ठाऊक नाही, पण झाडू मारताना ती खिशात हात घालून मला घट्ट धरायची.

दोन वर्षांनी झाडाला फुलोरे आले. एक वाटेकडे, एक भिंतीकडे. साहेबांनी दूरच्या एका उद्यानातून नर झाडाचे पराग मागवले. चिमटीभर पिवळी पूड, काचेच्या कुपीत. पण फूल तयार कधी होतं, हे साहेबांना कुठे माहीत? त्यांनी मावशीला बोलावलं.

"रविवारी पाहुणे येतील, कॅमेरे येतील. तू सगळं तयार ठेव. मी फक्त कुंचला फिरवणार."

"बरं, साहेब," मावशी म्हणाली. किल्ली तिच्या हातात परत आली.

गुरुवारी सकाळी भिंतीकडचं एक फूल तयार झालं. त्याच्या तोंडाशी चिकट थेंब आला होता. मावशीनं कोणाला सांगितलं नाही. शिडी लावली, कुपी उघडली आणि मला त्या फुलावर फिरवलं. "तुझ्याशी माझं भांडण नाही," ती झाडाला म्हणाली. वहीत तिनं तारीख आणि वेळ लिहिली.

रविवारी सकाळी वाटेकडची आठ फुलं तयार होती. मावशीनं मला नळाखाली धरलं, चांगलं भिजवलं आणि केस चिमटीनं टोकदार केले. परागाला पाण्यासारखा शत्रू नाही. ती काय करतेय ते मला लगेच समजलं. खोटं कशाला सांगू, माझा जीव सुखावला.

साहेब शिडीवर चढले. मी कुपीत शिरलो तशी पुडीची गुठळी झाली. जाणत्या माणसाच्या तेवढ्यानंच लक्षात आलं असतं, पण साहेब कॅमेऱ्याकडे बघत होते. आठही फुलांवर त्यांनी मला फिरवलं. टाळ्या झाल्या. त्या क्षणाचा दाराएवढा मोठा फोटो झाडाशेजारी लागला.

महिनाभरात आठही फुलं गळली. भिंतीकडचं एक धरलं आणि फुगू लागलं. साहेबांनी तेही आपल्या नावावर लावलं.

पावसाळ्यानंतर पराग पाठवणाऱ्या उद्यानाच्या बाई फळ बघायला आल्या. वयस्कर, पांढऱ्या केसांच्या, हातांवर मातीचे जुने डाग. काचघरात नेहमीचे बघे होतेच.

"माझ्या हातचं फळ," साहेब म्हणाले.

कोपऱ्यात पानं गोळा करणारी मावशी उभी राहिली. "साहेब, भिंतीकडच्या फुलोऱ्याला तुमचा हात लागलाच नाही. फोटोत बघा."

सगळ्यांनी फोटो बघितला. साहेब वाटेकडे, फळ भिंतीकडे. एका आजोबांनी तर दोनदा इकडून तिकडे मान वळवली.

"मग कोणी केलं हे?" बाईंनी विचारलं. मावशीनं मला आणि वहीला पुढे केलं. बाईंनी साहेबांना थेंबाबद्दल दोन साधे प्रश्न विचारले. साहेबांनी दोन्हींची उत्तरं चुकीची दिली. त्या दिवशी खोलीत हसलेले दोन्ही कारकूनही तिथे होते, ते जमिनीकडे बघत होते. आठवड्यात फोटो उतरला, महिन्याभरात साहेबही उद्यान सोडून गेले.

पण निघताना बाई मावशीजवळ थांबल्या. "ती आठ का गळली? पराग तर उत्तम होते."

मावशीची नजर माझ्यावर गेली. बाईंनी माझ्या केसांवरून अंगठा फिरवला. "यंदाच्या वादळात आमचं नर झाड मुळासकट पडलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते पराग शेवटचे होते."

घरी आल्यावर मावशीनं मला टेबलाच्या खणात ठेवलं. मुलीनं विचारलं, "आई, याला का ठेवून दिलंस?"

"याला आता फुलाजवळ न्यायची माझी हिंमत नाही," ती म्हणाली.

काचघराची किल्ली आज तिच्याकडे आहे. नव्या पाटीवर तिचं नाव आहे. कामासाठी तिनं दुसरा कुंचला घेतलाय. साहेब शिडीवरून उतरले तो क्षण मला आठवतो आणि अजूनही गोड वाटतो. ती मात्र त्या आठ फुलांचंच बोलते, जेवतानासुद्धा.

मावशी, पाप असेल तर अर्धं माझं धर. केस कापायचे तर काप. पण मला एकदा खणातून बाहेर काढ, आणि साध्या भोपळ्याच्या फुलाजवळ का होईना, घेऊन जा.