पूजेत बसलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. थंडीतला नव्हे, मित्रांनो. मी जाड चामड्याचा, ताटलीएवढा आणि एकटा आहे. हातमोजे जोडीने असतात हे मला जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या घरी आल्यावर कळलं. रुद्रची आई शैलाताई यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, ह्याचा दुसरा कुठाय?" बेसबॉलमध्ये मला डाव्या हातात घालतात आणि चेंडू उजव्या हाताने फेकतात, म्हणून मी एकटाच पुरतो. तरी त्या दिवसापासून आपलं काहीतरी हरवलंय असं मला वाटत राहिलं.

मला कोणी शिवलं ते आठवत नाही. कोणत्या जनावराचं कातडं, हे त्या घरात कोणी विचारलं नाही आणि मीही गप्प बसलो. २०१० साली कायझर्सलाउटर्नच्या एका दुकानातून रुद्रने मला घेतलं. त्या भागात अमेरिकन सैनिकांची कुटुंबं राहतात, त्यामुळे तिथे बेसबॉलचं सामान मिळतं. रुद्र तेव्हा सतरा वर्षांचा होता.

तो आउटफिल्डर होता. म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि उंच उडालेला चेंडू धावत जाऊन झेलायचा. हे काम मला कधी नीट उमगलं नाही. तासन्‌तास काहीच घडायचं नाही. मग अचानक आभाळातून चेंडू यायचा, रुद्र जिवाच्या आकांताने पळायचा आणि धाडकन चेंडू माझ्या पोटात! लोक टाळ्या वाजवायचे त्या रुद्रसाठी. लागायचं मात्र मला.

पुढे कोलोनच्या एका क्लबने त्याला पगारावर घेतलं. दोन वर्षांनी तो इंगोलश्टाटच्या क्लबकडे परत आला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, त्यात मी अर्धा दिसतो. पण घरी कोणी मुलाबद्दल विचारलं की त्याचे बाबा पद्माकर म्हणायचे, "सॉफ्टवेअरचं बघतोय." माझी जागा दाराशी, चपलांच्या फळीवर. शैलाताई मला अधूनमधून खोबरेल चोळायच्या. एप्रिलच्या थंडीत ते तेल माझ्या बोटांत गोठून पांढरं व्हायचं. चोळणं मायेचं होतं, फळी चपलांची होती. या दोन्हींचा मेळ मला कधी घालता आला नाही.

मला घेतल्यापासून सात वर्षं अशी गेली. मग रुद्रचा गुडघा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हा मोसम संपला की थांबायचं. शेवटची एकच मॅच उरली होती, रविवारची. मला दुसरं काही नको होतं, त्या दिवशी त्याच्या हातात असायचं होतं.

त्या आठवड्यात खंडेनवमी आली. शुक्रवारी सकाळी शैलाताईंनी मला फळीवरून काढलं, पुसलं आणि चक्क देवासमोर पाटावर ठेवलं. शेजारी विळी, पद्माकरांचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली होती. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. "सात वर्षं पोरगा ह्याच्यावर जेवला," त्या म्हणाल्या, "आणि मी ह्याला चपलांत ठेवलं!" मी इतका गांगरलो की फूल घसरून पडलं.

दुपारी रुद्र क्लबच्या गणवेशात दारात उभा राहिला. रविवारी पावसाचा अंदाज होता म्हणून मॅच आजच संध्याकाळी ठेवली होती. त्याचा हात माझ्याकडे आला आणि थांबला.

"अरे, पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं," शैलाताई म्हणाल्या. "दुसरा नाही का तुझ्याकडे?"

"पास्ट शोन, मामा," तो म्हणाला. म्हणजे, चालेल आई, असू दे. मी कोणाचा तरी मागून घेतो, असंही तो जर्मनमध्येच म्हणाला आणि लंगडत जिना उतरला.

मित्रांनो, मी पाटावर बसून विचार करत होतो. हा माझा मान की मला घरी बसवलं? असला मान काय कामाचा? मला रडू येत होतं, पण चामड्याला रडता येत नाही.

पद्माकर हळूच म्हणाले, "अगं, उद्या हे उचललंस तरी तो कुठे घालणार आहे?"

शैलाताई पाटासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी अक्षता घेतल्या, माझ्यावर वाहिल्या आणि मला जागेवरून हलवलं. "ह्याची उत्तरपूजा आत्ताच करते. देवाला काय म्हणायचं ते मला म्हणेल. अहो, किल्लीला हात लावू नका, ती पूजेत आहे. बसने जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा नऊ डावांपैकी दोनच उरले होते. रुद्रने उसना हातमोजा काढून मला चढवलं. त्याच्या तळहाताला हळद लागली. तो टोकाला जाऊन वाकून उभा राहिला. मी पूर्ण उघडून तयार होतो.

आणि चेंडू आलाच नाही. एकही नाही. प्रेक्षकांतून शैलाताईंचा आवाज ऐकू आला, "अहो, ह्याच्याकडे का देत नाहीत?"

"देत नसतात गं. उडाला तर येतो," पद्माकर म्हणाले.

मॅच संपली. कोण जिंकलं हेही मला समजलं नाही. लोक निघाले, पण रुद्र जागचा हलेना. तेव्हा शैलाताई साडी सावरत मैदानात आल्या. त्यांनी गवतातला एक चेंडू उचलला आणि फेकला. तो त्यांच्याच पायाशी पडला. रुद्र थोडा पुढे आला. दुसरा चेंडूही वाटेतच पडला. रुद्र आणखी पुढे आला. असं करत करत मायलेक दोन हातांवर आले आणि चेंडू अलगद माझ्यात पडला. रुद्रने मला मिटलं ते किती तरी वेळ उघडलं नाही.

"झेललास रे!" शैलाताई म्हणाल्या.

"हो आई," तो म्हणाला. मराठीत.

हा झेल कोणत्याही धावफलकावर नाही. तो धरायचा की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आता मी दिवाणखान्यात कपाटावर असतो आणि तिथे काय करायचं असतं हेही मला ठाऊक नाही. पण मुलांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरातलं कोणी जे काम जीव लावून करतं, ते बघायला एकदा तरी जा. समजलं नाही तरी जा. आमच्या शैलाताई सात वर्षांत पहिल्यांदा आल्या, त्या शेवटच्या मॅचला.