जास्तीचे एक भोक

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, "ही तर नुसती भोकेच भोके!" खुशाल म्हणा. मी पारोळ्याच्या मैदानावरची, फुटबॉलच्या गोलखांबांना बांधलेली जुनी जाळी आहे, आणि जाळी म्हणजे दोरीने धरून ठेवलेली भोकेच की! पण त्यालाही मोजमाप असते. माझ्या प्रत्येक घरातून तुमची मूठ जाईल, चेंडू जाणार नाही. या एवढ्याशा गुणावर माझी सारी अब्रू उभी आहे. ती एकदा गेली. कशी गेली, तेच आज सांगते.

माझा जन्म अमीन चाचांच्या ओट्यावर झाला. चाचा खाटा विणतात आणि बैलांच्या तोंडाला बांधायची मुसकी करतात. एके दिवशी ज्ञानेश्वर नाना त्यांच्याकडे आले. नाना म्हणजे गावच्या भुईकोट क्लबचे प्रशिक्षक. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून नोकरीवर. "चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच जाळी पाहिजे, अमीनभाई," नाना म्हणाले. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "नाना, बैल आहे तरी केवढा?"

ओटाभर हसू झाले. मग चाचांनी महिनाभर बसून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला विणले. ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असते. आमची भेट होत नाही, पण तिच्याकडचा ओरडा मला ऐकू येतो. मला नानांच्या हाती देताना चाचांनी एकच सांगितले, "हर मॅचनंतर माझ्याकडे पाठवा. एक घर तुटलं की शेजारची चार ढिली पडतात."

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. भुईकोट क्लब खान्देश लीगच्या दुसऱ्या गटात खेळायचा. सामना संपला की पोरे मला सोडायची, झटकायची, बाजारातून उडून आलेला कापूस माझ्या गाठींतून वेचायची आणि चाचांकडे न्यायची. चाचा प्रत्येक घरातून बोटे फिरवत. इतके लाड तर नव्या सुनेचेही होत नसतील!

आमचा गोलरक्षक अभिमन. शेतांत ठिबकच्या नळ्या बसवायचे काम करतो. ताडमाड उंच, आणि हात असे लांब की त्याची आई प्रमिलाबाई म्हणते, याला दारातूनच फडताळातला डबा काढता येतो. सामना चालू असताना तो माझ्याशी बोलतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बोलतो अर्थातच अहिराणीत. अहिराणीत माझे नाव जाळी नाही, 'जायी'. ती माणसे 'ळ'ला फार त्रास देत नाहीत. केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केला.

दोन वर्षांपूर्वी आमचा क्लब दुसऱ्या गटात पहिला आला आणि अव्वल गटात चढला. तीस वर्षे नाना याची वाट पाहत होते. त्या संध्याकाळी पोरांनी मला सोडून शालीसारखे नानांच्या खांद्यावर टाकले. नाना ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. माझ्या एका घरात बोट अडकवून नुसते उभे राहिले. मला फार अभिमान वाटला. इतका, की पुढे काय वाढून ठेवले आहे याचा विचारही मनात आला नाही.

अव्वल गटातला पहिला सामना धुळ्याच्या संघाशी झाला. मित्रांनो, जाळीला चेंडूचे वावडे नसते, पण सहा वेळा? त्यातले चार एकट्या माझ्या पोटात बसले. चौथ्या वेळी चेंडू काढायला अभिमन वाकला आणि हळूच म्हणाला, "जायी, तुले लागनं ते नही ना?" स्वतःची हनुवटी सोललेली, आणि विचारपूस माझी!

मग जळगावकडून हरलो, भुसावळकडून हरलो. गावातले लोक म्हणू लागले, "झेपत नव्हतं तर वर चढले कशाला?" जी पोरे मला हसत सोडायची, ती आता मला ओढून काढू लागली. युरियाच्या रिकाम्या गोणीत कोंबायची आणि मैदानाकडेच्या पत्र्याच्या खोलीत फेकून द्यायची. हरलेल्या सामन्याची आठवण कोणाला हवी असते? चाचा वाटेत भेटले की अभिमनला सांगत, "बेटा, जाळी आण रे एकदा." अभिमन म्हणे, "आनस ना चाचा." पण मला कधी नेले नाही. त्याच खोलीत एका उंदराने माझा खालचा उजवा कोपरा कुरतडला. आधी एक घर तुटले, मग चाचांच्या शब्दाप्रमाणे शेजारची चार.

पण आमची पोरे खचली नाहीत, हेही सांगायला हवे. शिंदखेड्याला त्यांनी एका गोलने हरवले. चोपड्याशी बरोबरी केली. होता होता हंगामाचा शेवटचा सामना आला. तो होता सावद्याच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. हिशेब सोपा होता. बरोबरी झाली तरी भुईकोट क्लब अव्वल गटात टिकणार. हरला तर खाली. नाना पोरांना एवढेच म्हणाले, "तीस वरीस लागनात वर येवाले. आते माले परत खाल नका पाठाडू."

सावद्याची माणसे केळीच्या गाड्यांत बसून आली होती. अभिमन मला खांबांना बांधत होता, तेव्हा त्याला कोपऱ्यातले भोक दिसले. पंच तर तपासणी करत पलीकडच्या टोकाकडून निघालेही होते. अभिमनने इकडेतिकडे पाहिले, चटकन आपल्या बुटाची पांढरी लेस उपसली आणि भोक आवळून टाकले. बुटाला सुतळी बांधली. पंच आले, त्यांनी मला वरून दोनदा ओढून पाहिले आणि मान हलवली. मला ओरडावेसे वाटले, "अहो, खाली बघा!" पण जाळीला तोंड कुठले?

पहिल्या अर्ध्यात माझ्यापुढे सावद्याचा गोलरक्षक होता. विसाव्या मिनिटाला आमच्या पोरांनी असा एक चेंडू माझ्या वरच्या कोपऱ्यात मारला की मी पोळीसारखी टम्म फुगले. मैदान डोक्यावर घेतले लोकांनी!

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि अभिमन माझ्यापुढे आला. सावद्याने जोर केला. एक जबर फटका मला येऊन बसला आणि बरोबरी झाली. त्या हिसक्याने कोपऱ्यातल्या लेसची गाठ सैल झाली. अभिमनचे पाठीमागे लक्ष नव्हते. पाच मिनिटे उरली होती. नाना रेषेजवळ उभे होते आणि त्यांचा तो मोठा आवाज बसून गेला होता.

तेवढ्यात सावद्याच्या एका खेळाडूने जमिनीलगत चेंडू मारला. अभिमन झेपावला, बोटे चार अंगुळे कमी पडली. चेंडू खांबाच्या आतून, थेट माझ्या कोपऱ्यात आला. लेस सुटली. चेंडू भोकातून पार झाला आणि मागच्या गवतात जाऊन पडला.

मी हललेसुद्धा नाही. मित्रांनो, गोल झाला की जाळी हलते, आणि जाळी हलली की साऱ्या जगाला कळते. मी हलले नाही म्हणून कोणालाच कळले नाही. मावळतीचे ऊन पंचांच्या डोळ्यांवर होते. त्यांना वाटले, चेंडू खांबाबाहेरून गेला. सावद्याचे खेळाडू रेषेवरच्या पंचाला घेराव घालून भांडू लागले. मोठे पंच कोल्हापूरकडचे होते. ते धावत अभिमनजवळ आले. "काय रं, कुठनं गेला बॉल?"

अभिमनला धाप लागली होती. तो म्हणाला, "जायीमाईन गया, साहेब."

"जाई... गया..." पंच पुटपुटले. "बाहेर गेला म्हणतोस न्हवं? मलाबी तसंच दिसलं." आणि त्यांनी गोल नाही अशी खूण केली.

अभिमन खरेच बोलला होता, चेंडू जाळीतून गेला असेच. पंचांना अहिराणी कळली नाही, यात त्याचा काय दोष? आमच्या दोन बचावपटूंना सारे कळले होते. ते खाली बघत गप्प राहिले. खोटे कशाला बोलू, मलाही वाटले, अभिमनने आता गप्प बसावे. तू सांगून मोकळा झालास, बाबा. मार चेंडू आणि वाचव नानांना!

त्याने चेंडू ठेवला. चार पावले मागे आला. एकदा नानांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तो गुडघ्यांवर बसला, माझ्या फाटक्या कोपऱ्यातून आपला लांब हात खांद्यापर्यंत आरपार घातला आणि पलीकडून पंजा हलवू लागला. आधी लोक हसले. मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आले.

"साहेब," तो मोठ्याने म्हणाला, "गोल शे."

पंचांनी गोल दिला आणि त्याच क्षणी आम्ही हरल्यात जमा झालो. पुढच्या पाच मिनिटांत पोरांनी जिवाचे रान केले. पलीकडे एक चेंडू खांबावर आदळल्याचा आवाज आला, पण माझी बहीण काही हलली नाही. शिट्टी वाजली. भुईकोट क्लब खाली गेला.

लोक अभिमनशी न बोलता निघून गेले. एक जण जाता जाता म्हणालाच, "मोठा आला हरिश्चंद्र!" नाना माझ्याजवळ आले. भोकात हात घातला, लोंबणारी लेस चिमटीत धरली.

"लेस कोनी शे?"

"मनी, नाना."

नानांनी लेस बोटाभोवती गुंडाळली. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाले, "तू गोल कबूल करा, त्याना माले राग नही. गाठ कच्ची मारी, त्याना शे."

त्या संध्याकाळी मला गोणीत कोंबले नाही. अभिमनने मला खांद्यावर टाकून घरी नेले. प्रमिलाबाई दारातच उभ्या होत्या. "लोके कप लई येतस, तू जायी लई उना!" त्या म्हणाल्या, आणि कपाऐवजी जाळी घेऊन आलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवून पाणी आणायला आत गेल्या.

सकाळी आम्ही चाचांच्या ओट्यावर होतो. मला वाटले, चाचा रागावतील. त्यांनी फक्त दोरीची गुंडी अभिमनपुढे टाकली आणि म्हणाले, "आता तूच बांध. मी बघतो." चेंडू पकडणारे ते लांब हात गाठीला मात्र भारी अडाणी निघाले. चार वेळा चुकले, चार वेळा चाचांनी सोडायला लावले. पांढरी दोरी संपलेली होती, म्हणून तो कोपरा निळ्या दोरीने विणला गेला. लांबूनही दिसतो. मला त्याची लाज वाटत नाही.

यंदा आम्ही पुन्हा दुसऱ्या गटात आहोत. प्रत्येक सामन्यानंतर अभिमन मला अंगणात पसरतो आणि घरन् घर तपासतो. मित्रांनो, तुमच्याकडेही अशी काही वस्तू असेल, जी फक्त जिंकल्याच्या दिवशी तुम्हाला आवडते. तिच्याकडे हरल्याच्या दिवशीही एकदा बघा. तुटते ते त्याच दिवसांत तुटते, आणि तेव्हा एका गाठीने भागते.

या हंगामाच्या पहिल्या सामन्याला तेच कोल्हापूरचे पंच आले होते. त्यांनी मला वरून ओढून पाहिले नाही. सरळ उजव्या कोपऱ्यापाशी बसले आणि निळ्या घरांतून एकेक करून बोटे फिरवली, अगदी चाचा फिरवतात तशी. मग उठून, कपडे झटकत त्यांनी अभिमनला विचारले,

"काय रं, जायी बरोबर शे ना?"