लसवाली लाल गाडी

मी एक जुनी गाडी आहे. साधी नाही हं. लाल, बसकी, दोन दारांची, दोनच माणसांची, शर्यतीत पळण्यासाठी बनवलेली. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार वैतागलेली आहे. तुम्ही शाळेत फाटक्या छत्रीचं नाहीतर मोडक्या खुर्चीचं मनोगत लिहिता. त्यात ती बिचारी अडगळीत पडून रडत असते. माझं उलट आहे. मला कोणी अडगळीत टाकतच नाही. रोज सकाळी आठ वाजता मला कामाला जुंपतात.

साठेक वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पत्रा कारागिरांनी हातानं ठोकून वळवला होता. जहाजातून मी मुंबईला आले आणि तिथून हैदराबादला, एका हौशी वकिलाकडे. ते मला फक्त रविवारी बाहेर काढत. एका जुन्या धावपट्टीवर मी दोनदा शर्यत पळले. एकदा दुसरी आले. माझा आवाज ऐकून माणसं उठून उभी राहायची. माझ्या काट्यावर एकशे वीसचा आकडा आहे, आणि तोही मैलांचा.

पुढे वकील म्हातारे झाले आणि मला घेऊन बुलढाण्याला मुलाकडे निघाले. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीजवळ माझा रेडिएटर फुटला. रस्त्याकडेला सर्जेरावांचं गॅरेज होतं. ते ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करत. त्यांनी तीन दिवस शोधाशोध केली, पण माझ्या मापाचा भाग साऱ्या मराठवाड्यात मिळेना. शेवटी वकिलांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली, तुम्हीच सांभाळा म्हणाले आणि एसटीनं निघून गेले.

सर्जेरावांनी मला सांभाळलं, यात शंका नाही. पण कसं? रेडिएटर जीपचा, बॅटरी ट्रॅक्टरची, टप म्हणून कापूस झाकायची ताडपत्री. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, ते मला धुऊन पुसून मिरवणुकीत पुढे घालत. निळे झेंडे, ढोल, माझ्या बॉनेटवर फुलं. तो दिवस मला आवडायचा. मात्र त्या दिवशीही मी बैलगाडीच्या चालीनंच चालायचे.

सर्जेरावांची मुलगी बेबीनंदा जवळच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका झाली. वाड्या-वस्त्यांवर जाऊन बाळांना लस द्यायची, हे तिचं काम. एकदा ती लसीच्या डब्यासकट स्कूटीवरून पडली आणि तिचा हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर सर्जेरावांनी माझी किल्ली तिच्यापुढे धरली. "ही घेऊन जा. ही पडत न्हाई. ही आधीच जमिनीला टेकलेली हाय," असं ते म्हणाले. माझ्या बांध्याचं इतकं वाईट वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी सर्जेराव गेले, पण त्यांनी लावून दिलेलं काम काही सुटलं नाही.

मित्रांनो, माझे हाल काय सांगू! प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी लोकांनी मुरूम टाकून आपापला गतिरोधक केला आहे. प्रत्येक गतिरोधक माझं पोट खरवडतो. मक्याची सुगी आली की रस्त्यावर कणसं वाळत असतात आणि मला कडेच्या नालीतून वाट काढावी लागते. चौकात उभी राहिले की दहा माणसं जमतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ॲव्हरेज किती देते? मी किती पळते, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझ्या शेजारच्या सीटवर निळा लसीचा डबा बसतो. त्याला पट्टा बांधतात आणि, ताडपत्री कधीच फाटून गेल्यामुळे, वर छत्रीही लावतात. बेबीनंदा मात्र उन्हात.

एवढंही मी सोसलं असतं. पण पोरांचं काय करू? माझा आवाज एका कोसावरून ऐकू येतो. तो आला की पोरं खेळ टाकून कपाशीत पळतात. आया जेवताना दम देतात, "खा गुमान, न्हाईतर लाल गाडी येऊन राह्यली बघ." ज्या आवाजाला लोक टाळ्या वाजवायचे, त्या आवाजानं आता पोरं घास गिळतात. मी कधी कोणाला टोचलं नाही. टोचते ती, आणि बदनाम मी.

आता माझी एक खोड सांगायलाच हवी. उन्हात तापले असताना मला बंद केलं, तर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि मी गार होईपर्यंत, म्हणजे किमान दोन तास, चालू होत नाही. त्यामुळे बेबीनंदा मला बंदच करत नसे. दारात उभी करायची, इंजिन घुरघुरत ठेवायचं, बाळाला टोचायचं, कार्डावर लिहायचं आणि निघायचं. दिवसात पाच वस्त्या व्हायच्या. मला वाटायचं, चला, शर्यत नाही तर नाही, निदान घाई तरी आहे.

याच घाईत ते प्रकरण घडलं. टेंभुर्णीच्या पुढे, टेकाडाच्या पायथ्याशी, तातेराव नावाच्या शेतकऱ्याची वस्ती आहे. त्यांची सून दैवशाला. तिची धाकटी मुलगी तृप्ती नऊ महिन्यांची झाली, म्हणजे तिची गोवराची लस द्यायची वेळ झाली. आम्ही गेलो, तर घराला कडी. अंगणातल्या चुलीवरचा चहा अजून गरम आणि माणूस एक नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. माझा आवाज आला की दैवशाला लेकीला कडेवर मारून तुरीत शिरायची.

तेवढ्यात पलीकडच्या गावात गोवर निघाला. सहा लेकरं आजारी पडली आणि एकाला जालन्याला दवाखान्यात हलवावं लागलं. बेबीनंदाला जेवण जाईना. तृप्ती अशक्त होती, तिला गोवर झाला तर काय होईल हे बेबीनंदा जाणून होती. आणि तिला तिथवर नेणारी मीच तिच्या आड येत होते. तिनं दुसऱ्या गाडीसाठी दोन ठिकाणी विचारलं, पण कपाशीच्या वेचणीत कोणाचीच गाडी मोकळी नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

तिसऱ्या वेळी वारा वस्तीकडून आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे माझा आवाज खाली पोचला नव्हता. तिनं मला टेकाडाच्या माथ्यावर थांबवलं. स्टिअरिंगवर हात ठेवून तिनं खाली वस्तीकडे बघितलं. मग मला म्हणाली, "आज तोंड उघडू नको, बाई." तिनं किल्ली फिरवली. भर उन्हात, अंगाची लाही होत असताना, तिनं मला बंद केलं, ब्रेक सोडला आणि उतारावर घरंगळू दिलं.

मित्रांनो, माझी अब्रू तिथेच गेली. शर्यतीची गाडी मी, आणि मुक्यानं, मुंगीच्या पावलांनी उतरत होते. दोन शेळ्या मला मागे टाकून पुढे गेल्या. तरी मी एक चाक वाजू दिलं नाही, हे सांगायला हवं.

अंगणात तातेराव बाजेवर बसले होते. दैवशाला सुपात तूर पाखडत होती, तृप्ती गोधडीवर होती. तातेरावांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ही गाडी आज मुकी कशी?" दैवशालानं वर बघितलं, सूप टाकलं आणि लेकीला उचललं.

बेबीनंदा जागची उठली नाही. आत बसूनच म्हणाली, "पळायचं तर पळ. मी मागं येणार न्हाई. पण गाडी बंद केलीय, आता दोन घंटे ती चालू होत न्हाई. पाणी तरी दे."

घरी आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची रीत तिकडे नाही. दैवशाला लेकीला कडेवर ठेवूनच तांब्या घेऊन आली. जरा लांबच उभी राहिली. बेबीनंदाचं पाणी पिऊन झाल्यावर दैवशालाच बोलली. थोरलीला लस दिल्ती तेव्हा दोन दिवस ताप आल्ता, अंग तव्यावानी झाल्तं, पोरगी जाती का काय असं वाटलं, आणि जवळ विचारायला कोणी नव्हतं, असं तिनं सांगितलं.

"ताप येतो," बेबीनंदा म्हणाली. "त्याला घाबरायचं नसतं. त्याचं औषध असतं माझ्याकडं."

"मंग त्या टायमाला सांगितलं का न्हाई?"

बेबीनंदानं खाली बघितलं. म्हणाली, "गाडी चालू होती."

मी ते ऐकलं. आयुष्यात मला पुष्कळांनी नावं ठेवली आहेत, पण इतकं लागलं नव्हतं. ज्या घाईचा मला अभिमान होता, तिच्यापायी या बाईनं दोन रात्री एकटीनं काढल्या होत्या. मी बोलू शकत असते तर तिची माफी मागितली असती.

मग बेबीनंदा उतरली आणि त्या दोघी गोधडीवर बसल्या. बेबीनंदानं तापाचं औषध दाखवलं, किती द्यायचं, कधी द्यायचं, काय झालं तर फोन करायचा, सगळं सांगितलं. गोवर कसा पसरतो तेही सांगितलं. दैवशालानं एकच गोष्ट तीन वेळा विचारली आणि तिला तीन वेळा उत्तर मिळालं. शेवटी तिनंच लेकीला मांडीवर घट्ट धरलं. तृप्तीनं वस्ती डोक्यावर घेतली. चहा झाला, भाकरी झाली. दोन तास उलटले तरी मी चालू झाले नाही, तेव्हा तातेरावांनी बैलजोडी सोडली आणि दोर लावून मला टेकाडावर ओढून नेलं, म्हणजे पलीकडच्या उतारावर मी चालू होईन. त्या बैलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही.

महिन्याभरानं त्या वस्तीतही गोवर आला. शेजारच्या घरातली दोन लेकरं तापानं फणफणली. तृप्तीला काही झालं नाही.

तेव्हापासून बेबीनंदा मला प्रत्येक दारात बंद करते. पाच वस्त्यांच्या जागी दोन होतात. मला कधी आया ढकलतात, कधी ट्रॅक्टर ओढतो. माझे नाकी नऊ आले आहेत, मित्रांनो, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे मांडते आहे. जुन्या गाडीकडून रोजचं काम घ्या, हरकत नाही, पण तिचे लाड नाही तरी देखभाल करा. मी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. ढकलताना दिव्यांना धरू नका. गतिरोधक करायचाच असेल तर जरा बुटका करा. आणि माझा आवाज आला म्हणून पळू नका. मी फक्त आवाज करते.

अर्थात माझं कोण ऐकतं! परवा तृप्तीच्या दुसऱ्या डोसाला गेलो. ती आता दीड वर्षाची आहे. दैवशाला तिला घेऊन स्वतःच रस्त्यावर येऊन उभी होती. मला पाहताच तृप्तीनं असा गळा काढला की झाडावरचे होले उडाले. मी एवढं केलं आणि हे माझं बक्षीस. बेबीनंदानं तिच्याकडे नीट बघितलं, "छाती दणकट हाय पोरीची," म्हणाली आणि किल्ली फिरवून मला बंद केलं.