दिसली म्हणा

‘दिसली म्हणा. पंगती खोळंबल्यात.’

लग्नात वाईहून आलेल्या गुरुजींचा तो घाईचा आवाज राजेश्वरीच्या कानात दहा वर्षं तसाच होता. आज सांगलीतल्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर मांडलेल्या दोन दुर्बिणींसमोर उभी असताना तो पुन्हा आला, आणि तिनं लांबड्या दुर्बिणीचं तोंड हातानंच बाजूला वळवलं.

“चाचा, ह्यांना सांगा, ही तोफ माझ्या दोन खोल्यांत मावत न्हाई.”

वजीरचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. ज्याला सांगायचं तो उदयसिंह तिच्यापासून तीन हातांवर उभा होता. पण वर्षभर नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलत नव्हती. कोर्टाच्या तारखेला वकील बोलायचे, इतर दिवशी आठ वर्षांची शिवांजली. ती आईकडं सांगलीत राहायची. महिन्यातले दोन रविवार कुंडलला, बापाकडं.

“शिवू, तुझ्या आईला म्हणावं, ही कुंडलच्या गच्चीवर राहील. तिथं दिव्यांचा तरास न्हाई. चहूकडं ऊस.”

“म्हणजे आभाळ बघायला पोरगी दर रविवारी तिकडं. वकिलानं शिकवलं वाटतं.”

“आभाळ काय तिच्या वकिलाच्या बापाचं हाय का, इचार.”

शिवांजली सांगायला तोंड उघडायची, तोवर ऐकणाऱ्यानं ऐकलेलं असायचं. मग ती तोंड मिटायची.

उदयसिंहानं खोक्यावर बोट ठेवलं. “ह्याच्यावर पाचशे पंचवीस पट लिवलंय. बुटकीवर काय लिवलंय?”

“पट बघू नका,” चाचा म्हणाले. “तोंड किती रुंद ते बघा. लांबडीचं तोंड वाटीएवढं बी न्हाई, आन् पाय नव्या वासरागत लटपटत्यात. बुटकीत आरसा हाय, उजेड लय घेती. स्टुलावर ठेवली की झालं.” मग ते दोघांकडं बघून थांबले. “पण ठेवणार कुठं, ते आधी ठरवा. त्याबिगर मी काय सांगू?”



“मला अरुंधती बघायचीय,” शिवांजली म्हणाली. “बाबांनी आईला लग्नात दाखवली ती.”

कुंडलला दर खेपेला अल्बम निघतो, हे राजेश्वरीला ठाऊक होतं. त्यातला तो एक फोटो. उदयसिंहाचं बोट वर, तिची मान वर, मुंडावळ्या एका बाजूला कलंडलेल्या. बोटाच्या वर फोटो संपत होता. ‘तुझ्या आईला मी तारा दाखवला,’ असं तो पोरीला सांगायचा, आणि पोरगी घरी येऊन तेच आईला सांगायची. राजेश्वरी भाजी चिरत राहायची. खरं काय ते तिनं जपून ठेवलं होतं, धार लावून. एखाद्या तारखेला, वर्मी बसेल अशा वेळी काढायचं होतं.

दिवेलागण होऊन गेली होती. चाचा कुरकुरत दोन्ही दुर्बिणी घेऊन दुकानाच्या गच्चीवर चढले.

“एकदा बघा आन् मला मोकळं करा. तुमच्या तिघांत लहान कोण हाय, तेच कळंना.”

उत्तरेला सप्तर्षी वर आले होते. चाचांनी आधी लांबडी वसिष्ठ-अरुंधतीच्या जोडीवर लावली. उदयसिंहानं डोळा टेकवला, तसा वाऱ्यानं तिचा पाय हलला आणि आभाळ निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं.

“हिला धरून ठेवायला माणूस लागतंय,” चाचा म्हणाले.

“धरीन की मी.”

“धरून ठेवायची सवय हाय का, इचारा,” राजेश्वरी पाण्याच्या टाकीकडं बघत म्हणाली.

मग स्टुलावर बुटकी. शिवांजली वाकली, एक डोळा हातानं झाकला आणि बराच वेळ तशीच राहिली.

“तीन हायत,” ती म्हणाली.

उदयसिंह हसला, पण ते हसू बरं नव्हतं. “जोडीत तिसरं कुठनं आलं? चाचा, तुमची दुर्बीण खोटी हाय.”

“तिसरं कुणी नसलं तरी जोडी मोडती, सांगा त्यांना.”

“खोटी न्हाई,” चाचा म्हणाले. “लांबची ती अरुंधती. जवळ जवळ हायत ते दोन म्हंजे एकटा वसिष्ठ. नुसत्या डोळ्याला एक दिसतो. मुळात दोन हायत.”

शिवांजलीनं मान वर केली. “बाबा, लग्नात किती दिसलेल्या? दोन का तीन?”

हीच ती वेळ. राजेश्वरीच्या जिभेवर शब्द आले, ठेवले होते तसेच धारदार. तिनं उदयसिंहाकडं बघितलं. पोरीच्या खांद्यावरचा हात त्यानं काढून घेतला होता आणि तो आता कुठं ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

“एक बी न्हाई,” तो म्हणाला. “दुपारचा मुहूर्त होता, शिवू. बारा पस्तीसचा. वर कार्यालयाचं छत. मी पंख्याकडं बोट केलेलं.”

खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. उदयसिंह खाली बसला आणि लांबडीचे पाय एकेक करून मिटू लागला.

“बुटकी बांधा, चाचा. पिशवीत मावती. पोरीसंगट येऊ-जाऊ दे.”

“मग आई,” शिवांजलीनं विचारलं, “तू दिसली म्हणालीस, ते?”

राजेश्वरीनं तिला उत्तर दिलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली.

“पंखा बंद होता,” ती म्हणाली. “तुमच्या डोळ्यांत घाम उतरत होता, तरी तुमी बोट खाली घेत न्हवता. मी दिसली म्हणल्याबिगर ते खाली येणार न्हवतं. म्हणून म्हणाले.”