बाळ वाट बघत असेल

ग्लेनिस प्रॉसरचं नाव निघालं, की कार्डिफमधल्या भल्याभल्या मालकांना घाम फुटायचा. गरोदर आहे म्हणून कामावरून काढलेली बाई, आडनाव परकं म्हणून बढती नाकारलेला माणूस, असे सगळे तिच्या दारी येत आणि बहुतेक जण जिंकून जात. स्वतःच्या वकिली फर्ममध्येही तिनं भांडभांडून समानता समिती काढायला लावली होती. समितीचं अध्यक्षपद तिच्याकडेच आलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.

त्या दुपारी पार्टनर मंडळींची बैठक होती. एक नवा पार्टनर घ्यायचा होता आणि ग्लेनिसच्या मनात एकच नाव होतं, होदान वारसामे. बंदरालगतच्या ब्यूटटाउन वस्तीतल्या सोमाली खलाशाची ही नात ग्लेनिसनंच शोधून आणलेली, तिच्याच हाताखाली तयार झालेली. अशी मुलगी या फर्ममध्ये कधी पार्टनर झाली नव्हती. आज ते होणार, या खुशीत ग्लेनिसनं ठेवणीतला हिरवा कोट घातला होता.

तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग फर्मचा प्रमुख एम्रिस चष्मा पुसत म्हणाला, “पोरगी हुशार आहे, वादच नाही. पण मूल झाल्यापासून तिनं एखादा मोठा खटला चालवलाय का?”

“तिनं...” ग्लेनिस अडखळली.

“बंदराचा खटला तिच्याच बरोबरीच्या गेथिननं लढवला. बसचालकांचाही त्यानंच. अशील त्याचं नाव घेऊन येतात. होदानला कोण ओळखतं?”

“तिच्या वाट्याला तसे खटले आले नाहीत, एम्रिस.”

“पण तुमच्या विभागात कामं वाटतं कोण?”

त्यानं सरळ मनानं विचारलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. कामं ग्लेनिसच वाटायची.

तिचा मुलगा रॉद्री लहान होता तेव्हा तिला कुणी सवलत दिली नव्हती. तो कांजिण्यांनी फणफणत होता आणि ही लंडनला कोर्टात उभी होती. आता तो ऑस्ट्रेलियात असतो, नाताळला फोन करतो, हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. आपलं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या पोरीचं होऊ द्यायचं नाही, अशी खूणगाठ तिनं मनाशी बांधली होती. म्हणून होदान रजेवरून परतली तशी ग्लेनिसनं तिच्यावर पाखरच घातली. बाहेरगावचं, रात्री जागायचं, सुट्टी खाणारं काम आलं, की ते गेथिन रीसकडे जायचं. होदानला मिळायची घरबसल्या उरकणारी कागदपत्रं. वर पाच वाजता ग्लेनिस स्वतः तिच्या दाराशी जाऊन प्रेमानं सांगायची, “जा गं घरी, बाळ वाट बघत असेल.”

गेथिन पार्टनर झाला. ग्लेनिसनंही हात वर केला. नाही म्हणायला तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता, आणि मुद्द्यावाचून ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

होदानला सांगायला ती स्वतः गेली. होदाननं ऐकलं, हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“मला वाटलंच होतं.”

“चूक माझी आहे. मला वाटलं, तुला घरी वेळ मिळावा.”

“ग्लेनिस, माझी आई पलीकडच्या गल्लीत राहते. तीन मावश्या आहेत. मुलीला उचलून न्यायला इतकी माणसं, की संध्याकाळी मलाच तिला घरोघर शोधावं लागतं. तुम्ही एकदा विचारायचंत तरी!”

“तू बोलली नाहीस कधी.”

“बोलले की. बंदराचा खटला मागितला होता मी. तुम्ही माझ्या गालाला हात लावलात आणि म्हणालात, वेडी आहेस का, मुलगी लहान आहे अजून.”

ग्लेनिसला ते आठवलं. त्या दिवशी आपण किती चांगल्या आहोत असं वाटलं होतं, तेही आठवलं.

“आणि गेथिनचं काय?” होदान म्हणाली.

“त्याचं काय?”

“त्याचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा आहे. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही गेथिनला लंडनला धाडलंत. त्याला कधी म्हणालात, घरी जा म्हणून?”

ही दोन्ही मुलं जन्मली त्या वसंतात ग्लेनिसनं दोन टोप्या विणल्या होत्या, लाल लोकरीच्या, एकाच गुंड्यातल्या. एक होदानच्या मुलीला, एक गेथिनच्या मुलाला. दोन्ही टोप्या तिच्याच हातच्या, पण काम वाटताना एकच मूल डोळ्यांसमोर आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा मिरवत होती ती स्वतःच.

“हे दुसऱ्या फर्ममध्ये घडलं असतं ना,” होदान म्हणाली, “तर मी खटला घेऊन तुमच्याकडेच आले असते. आणि तुम्ही जिंकला असतात.” तिनं टेबलावरचे कागद एकत्र केले. “ब्रिस्टलची एक फर्म बोलावतेय. आजच्या निकालासाठी थांबले होते.”

“जाऊ नकोस. नर्सांचा खटला आलाय सकाळी. मोठा आहे, वर्षभर चालेल. तूच घे. आत्ता बसू या, मी कॉफी मागवते.”

वरातीमागून घोडं कशाला म्हणतात ते बोलता बोलताच तिला कळत होतं, तरी ती बोलत राहिली. हाच खटला काल आला असता, तर आपण तो कुणाला दिला असता, हेही तिला ठाऊक होतं.

होदान उठली. तिनं कोट घातला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पाच वाजले, ग्लेनिस. मी जाते.” दाराशी ती क्षणभर थांबली. “बाळ वाट बघत असेल.”