घरात स्टूल नको

"बाबा, बसून तरी बघा!" क्रांती पुन्हा म्हणाली.

वाल्मीक मेश्राम बसले नाहीत. पाठीमागे हात बांधून ते तीन स्टुलांपुढे उभे राहिले, जणू तीन साहेब एकदम केबिनबाहेर आलेत आणि आधी सलाम कुणाला ठोकायचा ते ठरत नाही.

मेहरोलीहून गुडगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. त्या वर्षांत गुडगावात इमारती आधी उगवत आणि रस्ता, पाणी, वीज मागाहून विचार करून येत. अशाच एका इमारतीत अतुलनं, म्हणजे वाल्मीकरावांच्या मुलानं, फ्लॅट घेतला होता. स्वयंपाकघराची एक भिंत बिल्डरनं बांधलीच नव्हती. तिच्या जागी छातीएवढा कट्टा होता. त्याला ब्रेकफास्ट काउंटर म्हणायचं आणि न बांधलेल्या भिंतीचे जास्त पैसे द्यायचे, अशी रीत होती. त्या कट्ट्यापाशी आता स्टुलं हवी होती. पसंतीला वाल्मीकरावांना आणलं होतं, कारण क्रांती घरात नवी सून होती आणि सासऱ्याला विचारून करावं असं तिला वाटे.

"देखिए साहब," दुकानदार अतुलला समजावत होता, "ये अँटीक है, ये विंटेज, और ये न्यू."

"फरक क्या है?"

"अँटीक पे कोई बैठता नहीं, सिर्फ दिखाते हैं. विंटेज पे मेहमान बैठता है, थोडी देर. न्यू पे आप बैठिए, अपनी जिम्मेदारी पे."

अँटीक म्हणजे सागवानी चौकोनी स्टूल होतं. उचलायला मधोमध खाच आणि कडेला पांढऱ्या रंगात अर्धवट पुसलेला सरकारी नंबर. वाल्मीकरावांनी ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्याच्या सख्ख्या भावावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

सरकारनं माणसांची प्रतवारी पाठीवरून केलेली आहे. शिपायाला स्टूल, म्हणजे पाठच नाही. कारकुनाच्या खुर्चीला पाठ आहे, हात नाहीत. अधिकाऱ्याला पाठ आणि हात दोन्ही. त्याच्या वरच्याला फिरती खुर्ची, आणि सगळ्यात वरच्याला फिरत्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. वाल्मीकराव ज्या दाराबाहेर बसत, त्याच्या आत कारखान्यांचे परवाने मिळत. गाड्यांतून उतरलेले शेठ त्यांना 'मेश्रामजी' म्हणत आणि त्यांच्या स्टुलाशेजारी तासन्‌तास उभे राहत. मग एके वर्षी परवान्यांची अटच उठली. गर्दी गेली, दारावरची पाटी गेली, आतले साहेब दुसऱ्या खात्यात गेले. स्टूल राहिलं, आणि त्यावर वाल्मीकराव. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका रिकाम्या खोलीचं दार अत्यंत चोख राखलं.

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी पहिली वस्तू आणली ती हातांची खुर्ची. वेताची. संध्याकाळी घरी आले की त्या खुर्चीत पाठ टेकून बसायचे, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून. आणि घराचा एक नियम होता: घरात स्टूल नको.

"एक स्टूल आणा ना हो," त्यांची बायको गंगुबाई दर दिवाळीला म्हणायची. "माळ्यावरचे डबे काढाले किती वेळा शेजारणीले बोलवू?"

"दिवसभर त्याच्यावरच असतो मी. घरी तरी त्याचं तोंड दिसू नये."

गंगुबाई हसायची. "साहेब आले घरी," म्हणायची आणि चहा ठेवायची.

"ये सरकारी है," दुकानदार अँटीक थोपटत म्हणाला. "अंग्रेजों के जमाने का. पता नहीं कौन कौन बैठा होगा इसपे."

मग त्यानं किंमत सांगितली. आपण एवढ्या महाग वस्तूवर बसत होतो हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर जरा रुबाबात बसलो असतो, असं वाल्मीकरावांना वाटून गेलं.

अतुल रंगात आला होता. "यार, हे घेऊच या! बाबा, तुमचंच निघायचं एखादवेळेस! भैया, इनके राज में हमारे घर में कभी स्टूल नहीं आया, मालूम है? एक भी नहीं. पूरे बचपन में!"

दुकानदार हसला. क्रांती हसली नाही.

"पण तूच तर मला सांगितलंस," ती म्हणाली, "आई स्टुलावरून पडल्या म्हणून."

"हो ना. मी तेव्हा बंगलोरला होतो. बाबांनी फोनवर सांगितलं, स्टुलावरून..."

अतुलचं वाक्य तिथंच राहिलं. एवढी वर्षं ही दोन वाक्यं त्यानं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली होती. आज ती समोरासमोर आली.

दुकानदार शहाणा होता. तो फडकं घेऊन लांबच्या एका कपाटावरची धूळ झटकायला गेला.

"बादलीवरून," वाल्मीकराव म्हणाले. "पालथ्या बादलीवरून. फराळाचे डबे काढत होती."

"मग मला स्टूल का सांगितलंत?"

"बादली म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, घरात स्टूल का नव्हतं."

रस्त्यावरून विटांचा एक ट्रक गेला. पत्रा थरथरत राहिला.

"खुर्ची होती ना, बाबा," क्रांती हळूच म्हणाली.

"होती. पण ती साहेबाची खुर्ची. तिच्यावर पाय कसा ठेवायचा, म्हणायची. मी म्हणालो होतो, ठेव. एकदा म्हणालो होतो. एकदा म्हणून काय होतं."

दवाखान्यात नेताना गंगुबाईनं शेजारणीला सांगितलं होतं की यांना ऑफिसात फोन करू नका, उगीच ड्यूटी सोडून येतील. तेव्हा ते रिकाम्या खोलीचं दार राखत होते. गंगुबाई दवाखान्यातून परत आली नाही.

वाल्मीकराव पुढे झाले. अँटीकला दोन्ही हातांनी धरून त्यांनी हलवलं. ते डुगडुगलं. विंटेज हलवलं, ते कण्हलं. न्यू तर इतकं उंच होतं की ते हात लावायच्या आधीच डोलत होतं.

"बाबूजी, हिलाइए मत, ये डेकोरेशन है!" दुकानदार धावत आला.

"इसपे चढेगा कौन?"

"चढेगा? चढने का नहीं है जी."

"घर में माळा है. चढना पडेगा." माळा म्हणजे काय हे दुकानदाराला कळलं नाही. वाल्मीकरावांनी वर बोट दाखवलं.

शेडच्या टोकाला, दिव्याखाली, रंगाचे थेंब पडलेलं एक बुटकं, जाडजूड स्टूल होतं. दुकानातला बल्ब बदलायला ठेवलेलं. वाल्मीकरावांनी त्याच्यावर सगळा भार टाकला. ते जागचं हललं नाही.

"ये कितने का?"

"अरे नहीं बाबूजी, ये बेचने का नहीं. ये तो काम का है."

"हमको काम का ही चाहिए."

दुकानदार खरोखरच अडचणीत आला. शोभेच्या वस्तूंचे भाव त्याला तोंडपाठ होते. कामाच्या वस्तूची किंमत त्याला कुणी विचारलीच नव्हती. शेवटी अतुलनं दोन न्यू घेतली तेव्हा भाजीवर कोथिंबीर द्यावी तसं त्यानं ते वर देऊन टाकलं.

गाडीत ते स्टूल मागे वाल्मीकरावांशेजारी, सीटवर, माणसासारखं ठेवलं होतं.

संध्याकाळी क्रांती रिकामी खोकी माळ्यावर टाकायला निघाली. "हेच वापरते," म्हणाली आणि रंगाचे थेंब पडलेलं स्टूल ओढलं. खोलीत वेताची खुर्ची करकरली. वाल्मीकराव बाहेर आले, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी स्टुलाचे दोन पाय दोन मुठींत धरले.

"बाबा, हलत नाहीये हो ते. बिल्कुल नाही."

"चढ तू."

ती चढली. मिक्सरचं खोकं, पंख्याचं खोकं, मग लग्नातल्या भांड्यांचं. अतुल काउंटरपाशी नव्या स्टुलावर बसला होता. त्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते. तो काउंटरवरची खोकी एकेक करून वर देत होता आणि खाली बघत नव्हता.

क्रांती उतरली. हात झटकून तिनं चहाचं आधण ठेवलं.

"झालं, बाबा."

"हो," वाल्मीकराव म्हणाले.

चहा उकळला, कपांत आला, काउंटरवर ठेवला गेला. फरशीवर बसलेल्या वाल्मीकरावांनी स्टूल अजून सोडलं नव्हतं.