वाळूची हवा, डोंगराची वाट

दचकू नका, मीच बोलतेय. रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलात की डाव्या हाताला फणसाखाली एक हिरवी जीप उभी दिसेल. तिचा एक दिवा पांढरा आणि एक पिवळट आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं की ती डोळा मारतेय. मारत नाही हो, तो दिवा नंतर बसवलाय. तर ती जीप म्हणजे मी.

बाईमाणसाला वय विचारू नये, पण माझं कागदावरच लिहिलेलं असल्यानं लपवण्यात अर्थ नाही. मी एकोणीस वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी पेणला जाऊन तपासणीत पुन्हा पास झाले, तेव्हा जरा मिरवलेही होते.

कारखान्यातल्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते हर्षदशेठ. डोलवीच्या कंपनीत माणसं पुरवायचा त्यांचा ठेका होता आणि मी त्यांची पहिली गाडी. सकाळच्या शिफ्टची माणसं सोडायची, संध्याकाळची आणायची, मध्ये पाइप आणि सिलेंडर वाहायचे. चारही चाकांना जोर देणारा एक दांडा माझ्यात आहे, खास डोंगर चढण्यासाठी दिलेला. शेठनी तो आठ वर्षांत एकदाही ओढला नाही. त्यावर ते टोपी अडकवायचे.

मग शेठना नवी, काचा बंद करून थंड हवा खाणारी गाडी हवीशी झाली आणि मला धरमतरच्या खाडीजवळ एका गोदामामागे उभं केलं. तिथला वारा खारा. त्यानं माझा पत्रा असा खाल्ला की बघवेना. एका कोंबडीनं माझ्या मागच्या सीटखाली अंडी उबवली, त्यातून अकरा पिल्लं निघाली. पाच वर्षांत माझा कोणाला उपयोग झाला असेल तर तिलाच.

तिथून मला बाहेर काढलं नावेदनं. नावेद अष्टमीचा. लग्नानंतर दोन महिन्यांत मस्कतला गेला आणि अकरा वर्षं तिथल्या वाळवंटात पाहुण्यांना गाडीतून फिरवत राहिला. वाळूच्या डोंगरावरून गाडी उतरवावी ती त्यानंच, असं त्याचे मित्र सांगतात. तो कायमचा परत आला तेव्हा मुलगी, सादिया, सात वर्षांची होती आणि त्याला ‘फोनमधले अब्बा’ म्हणायची. बायको हफ्सा तसं काही म्हणायची नाही, पण तिचाही नवरा फोनमधलाच होता. दोन वर्षांतून एकदा सुटीवर आलेला माणूस पाहुण्यासारखाच वागतो, घरचेही त्याला पाहुण्यासारखंच वागवतात.

नावेदला डोलवीलाच कंत्राटावर गाडी चालवायचं काम मिळालं. पहिल्याच वर्षी त्यानं मला विकत घेतलं आणि चार महिने खपून नीट केलं. मला पहिल्यांदा बघून हफ्सा म्हणाली, “ही गाडी हाय का खुराडं?” मला राग आला, पण कोंबडीचा इतिहास पाहता बोलायला तोंड नव्हतं.

पहिल्या रविवारी सादियाला शेजारी ठेवून दोघं माझ्यात बसून डोंगरात निघाली. कोलाडपर्यंत दोघांत एक शब्द नाही. तो समोर बघतोय, ती बाहेर. मला वाटलं, हे कुठल्या मयतीला चाललेत की काय! पण डांबर संपलं, लाल मातीची वाट लागली, पहिला मोठा दगड समोर आला आणि हफ्सा ओरडली, “अवो, दगड!” तो म्हणाला, “दिसला.” ती म्हणाली, “मग चढवताय कशाला त्याच्यावर?” अशी त्यांच्या संसारातल्या बोलण्याला सुरुवात झाली.

वाईट रस्त्याचा हा गुण आहे. चांगल्या रस्त्यावर माणसं गप्प बसू शकतात, वाईट रस्त्यावर बोलावंच लागतं. डावीकडे घ्या, थांबा, मी उतरून बघते, आता या. तीन वर्षांत मी त्या दोघांना ओढ्यांतून नेलं, कातळावरून नेलं, गुडघाभर चिखलातून बाहेर काढलं. शेठच्या टोपीचा दांडा दर रविवारी ओढला जाऊ लागला. नवऱ्याला चहात साखर चालत नाही, हे हफ्साला माझ्यात बसून कळलं. तिला उंचावरून खाली बघायला आवडतं, हे नावेदलाही तिथंच कळलं. मग त्यानं तिला गाडी शिकवली. ती त्याच्यापेक्षा हळू चालवते आणि, माझ्या मनातलं सांगते, त्याच्यापेक्षा चांगली चालवते.

एक काम मात्र खास हफ्साचं. चढाच्या आधी टायरमधली थोडी हवा काढतात, म्हणजे चाक पसरतं आणि धरून चालतं. माझ्या टायरांत जुन्या पद्धतीच्या ट्यूब आहेत, त्यामुळे हवा काट्यावर वीसच्या खाली नेली तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचं तोंडच उपटून निघतं. वाळवंटातल्या गाड्यांना ट्यूब नसते, तिथं बारापर्यंत नेतात. नावेदच्या हाताला सवय बाराची. म्हणून तो हवा काढायचा तेव्हा हफ्सा हवेचा काटा घेऊन शेजारी बसायची आणि वीसला म्हणायची, “बस.”

आता तीन वर्षांनंतरच्या जानेवारीतल्या एका रविवारचं सांगते.

आठ-नऊ दिवस आधी नावेद फणसाखाली माझ्यात एकटाच येऊन बसला, काचा लावल्या आणि फोन केला. मस्कतच्या जुन्या मालकाला. व्हय, विसा मिळाला, फेब्रुवारीत येतो. मग दुसरा फोन, पेणच्या एका गिऱ्हाइकाला. गाडी विकायची हाय, रविवारी संध्याकाळी या, घरी अजून कुणाला बोललेलो नाय.

आता सांगा, हे मला कळून काय उपयोग? हफ्सा रोज माझ्या शेजारून कपडे वाळत घालायला जायची. मी तिला कसं सांगणार? हॉर्नही मला माझा माझा वाजवता येत नाही. मला विकणार याचं दुःख होतंच, ते लपवत नाही. पण तिला हे शेवटी कळणार आणि मग पुन्हा फोनमधला नवरा, याचं जास्त वाईट वाटत होतं. नऊ दिवस मी जीव मुठीत धरून उभी होते.

शनिवारी त्यानं मला चकचकीत धुतलं. हफ्सा हसून म्हणाली, “आज नवरीसारखी सजवलीय!” तो हसला नाही. गिऱ्हाइकाला मागची पेटी रिकामी दिसावी म्हणून त्यानं त्यातला दोर, जॅक आणि पंप काढून माळ्यावर टाकला. रविवारी सकाळी डोंगरात शेवटचं जायचं आणि वर पोचल्यावर बायकोला सगळं सांगायचं, असा त्याचा बेत असावा. दोर पुन्हा ठेवायचं तो विसरला. मनात चोर असला की हुशार माणसाचंही असं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथं विठू आणि विमलबाई राहतात, भात आणि वाल पिकवतात. दर खेपेला आमचं पाणी प्यायचं ठिकाण तेच. त्या दिवशी हफ्सा विमलबाईशी अंगणात बोलत उभी राहिली आणि इकडे नावेदनं एकट्यानंच हवा काढली. काटा लावलाच नाही. सुस्सऽऽ आवाज ऐकत राहिला आणि हातानं अंदाज घेतला. मन आधीच मस्कतला पोचलेलं, हातही तिकडचेच झाले होते. मला चारही पायांत कसंसंच झालं. बाराच्या वर हवा नव्हती.

अर्ध्या चढावर वाट अरुंद होते. डावीकडे डोंगर, उजवीकडे खोल उतार. हफ्सा नेहमीप्रमाणे उतरून पुढे गेली आणि हातानं खुणा करू लागली. नावेदनं जोर दिला, टायर रिमवर फिरला, आणि माझ्या मागच्या उजव्या चाकाची ट्यूब फाटली. मी त्या बाजूला बसले आणि सुट्या खडीवरून मागं घसरले. एक हात, दोन हात. नावेदनं ब्रेक दाबला. मी थांबले, पण ते चाक कडेवर होतं आणि खालची माती ढासळत होती.

माझा हँडब्रेक सैल झालेला. जोराचा दांडा चढावर आपोआप निसटतो आणि चाकं मोकळी सुटतात ही माझी जुनी खोड, म्हणून गिअरमध्ये ठेवूनही भरवसा नव्हता. मला धरून होता तो फक्त नावेदचा उजवा पाय. डाव्या बाजूनं उतरायचं तर पाय उचलावा लागणार, आणि पाय उचलला की तो आणि मी दोघंही खाली.

हफ्सा धावत आली. आधी तिनं हाताला येतील ते दगड चाकांमागे सारले. मग पेटी उघडली.

“दोर कुठंय?”

नावेदनं नजर समोरच्या काचेवर ठेवली.

“जॅक? पंप? सगळी पेटी रिकामी कशी?”

“माळ्यावर हाय.”

“माळ्यावर कशाला?”

घरात असता तर तो उठून बाहेर गेला असता. इथं कुठं जाणार? “गाडी विकायला काढलीय. आज संध्याकाळी पेणवरनं मानूस येनार हाय.”

हफ्सानं एकच विचारलं. “मग आपन रविवारी कशात फिरनार?”

“मी नसनार, हफ्सा. मस्कतचा विसा आलाय.”

चाकाखालची खडी पुन्हा सळसळली आणि हफ्सा ओरडली, “पाय काढू नको! ऐकतोस ना? पाय काढलास तर बघ! बाकीचं मी मागनं बघते तुझ्याकडं.” चौदा वर्षांच्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. आणि ती वाडीच्या दिशेनं पळत सुटली.

नावेद एकटा उरला. म्हणजे मी होते, पण मला कोण मोजतंय. त्याचा पाय आधी थरथरला, मग मांडीपर्यंत लाकडासारखा झाला. तो अल्लाचं नाव घेत होता आणि मध्येच मुलीचं. मला भीती वाटत होती. त्याची वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचीही वाटत होती. अर्धा तास गेला असेल. वाटेच्या वळणावर विठूचं डोकं दिसलं तेव्हा मी रडले असते, डोळे असते तर.

विठू, विमलबाई आणि वाडीतली चार माणसं गवताचे भारे बांधायचा जाड दोर आणि दोन वासे घेऊन आली. दोराचं एक टोक माझ्या पुढच्या हुकात, दुसरं वरच्या ऐनाच्या बुंध्याला. दोर ताणला गेला. विठू म्हणाला, “काढ आता पाय, दादा.” नावेदला पाय काढताच येईना. विठूनं आत वाकून दोन्ही हातांनी तो उचलला आणि नावेदला डावीकडून ओढून घेतलं.

मी जागची हलले नाही. काय सांगू, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नावेद मातीत बसला. हफ्सानं त्याचा पाय चोळून दिला, आणि चोळून झाल्यावर त्याच पायावर एक सणसणीत चापट मारली. मग ती रडायला लागली.

विमलबाई म्हणाली, “आधी पानी पी गो. रडायचं मागनं.”

विठूनं टायर बघितला. “येवढी हवा कुनी काढली?”

“मीच,” नावेद म्हणाला.

“वाळूत चालत आसल ती. हितं दगड हाय, दादा.”

वाशांनी मला उचलून त्यांनी पाठीवरचं जादा चाक बसवलं आणि मला ढकलत, धरत रुंद जागेवर आणून खाली तोंड करून दिलं. नावेदचा पाय अजून बधिर होता. हफ्सा चालवायला बसली आणि तो शेजारी. बाकीची तीन चाकं अर्धी रिकामी, म्हणून ती मला इतकं हळू उतरवत होती की वाडीतली माणसं चालत पुढे निघून गेली.

“मार्चला कंत्राट संपतंय,” नावेद म्हणाला. “पुढं कायबी नाय.”

“मग सांगायचं ना.”

“काय तोंड दाखवू तुला?”

“तोंडच तर बघायचं राहिलंय अकरा वर्षं,” हफ्सा म्हणाली. तिनं वळण घेतलं. “कंत्राट काय, दुसरं बघू. दोघं मिळून बघू. पन मला न सांगता तुम्ही गेलात तर मी फोन उचलनार नाय. आधीच सांगते.”

खाली डांबरावर आलो तसा फोन वाजू लागला. नावेदनं स्क्रीन बघितला, पेणचं गिऱ्हाईक होतं. हफ्सा म्हणाली, “घ्या की. गाडी मी चालवतेय.”

त्यानं घेतला. “नाय भाई, येऊ नका. गाडी विकायची नाय. व्हय, व्हय, ठरलं होतं. पन गाडी माझ्या एकट्याची नाय.” फोन खाली ठेवून तो म्हणाला, “मस्कतला उद्या सांगतो.”

“उद्या कशाला? पाय दुखतोय, तोंड नाय.”

आणि खरंच त्यानं तिथंच, रस्त्याच्या कडेला मला थांबवायला लावून, मस्कतला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. हफ्सा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. तिच्या श्वासाची ऊब मला तिथं लागत होती.

मार्चमध्ये कंत्राट संपलंच, ते काही कुणाला चुकलं नाही. दोन महिने ओढाताणीचे गेले. आता शहरातली माणसं आपापल्या मोठ्या गाड्या घेऊन येतात आणि नावेद त्यांना डोंगरातली वाट शिकवतो. पुढे मी असते, मला हफ्सा चालवते. तिनं काटा लावून प्रत्येक चाक बघितल्याशिवाय कुणी इंजिन सुरू करत नाही, मग गाडी कितीही किमतीची असो. वाडीत विमलबाई सगळ्यांना जेवू घालते आणि त्याचे पैसे हक्कानं घेते.

माझा पत्रा आता मागच्या बाजूनं पुन्हा खाल्ला गेलाय. किती वर्षं चालेन, सांगता येत नाही. माझं मागणं एवढंच आहे की घरच्या माणसापासून लपवून फोन करायचा असेल तर कृपा करून गाडीत बसून करू नका. आम्हाला ऐकू येतं, आणि आम्हाला सांगता येत नाही.

परवा दोघं पेणहून येताना माझ्यात कडाकडा भांडली. कशावरून, तर सादियाला आता पुढं कुठल्या शाळेत घालायचं यावरून. तो ओरडत होता, ती त्याच्यावर ओरडत होती, आणि समोर सरळ, चांगला, डांबरी रस्ता होता.